परिचालन प्रणालींचे दृश्यरूप व वापरकर्त्यांची मते

संगणकाची स्मृती, साठवण, मुद्रक, पडदा इ. साधने आणि त्यांवर चालणारे कार्यक्रम यांचे नियंत्रण करणाऱ्या मूलभूत आज्ञावलीस परिचालन प्रणाली असे म्हणतात. तिचे बहुतेक कार्य वापरकर्त्याच्या दृष्टीआड चालते. पडद्यावरील चौकटी, चित्रखुणा, आज्ञांच्या याद्या, रंग व अक्षरवळणे एवढाच तिचा भाग त्याच्या डोळ्यांसमोर असतो. या भागास प्रणालीचे दृश्यरूप म्हणता येईल. सामान्य माणसाच्या लेखी हे रूप म्हणजेच संगणक होय. त्यामुळे उत्पादक जेव्हा ते बदलतात, तेव्हा वापरकर्त्यांची मते तीव्रपणे प्रकट होतात. हे आक्षेप केवळ नव्याविषयीच्या नावडीतून येतात, असे पुष्कळदा मानले जाते. गेल्या चाळीसेक वर्षांचा इतिहास पाहता हे मत अर्धेच खरे ठरते. रंग व अलंकरण यांविषयीची नापसंती बहुधा काळाबरोबर ओसरली. परंतु वस्तूंच्या जागा हलविणे, त्या दृष्टीआड करणे, वाचनीयता घटविणे आणि जुन्या रूपाकडे परतण्याची वाट बंद करणे यांविरुद्धचे आक्षेप टिकून राहिले. त्यांच्यापुढे मोठमोठ्या उत्पादकांनाही वेळोवेळी माघार घ्यावी लागली.

प्रारंभ : प्रारंभीच्या प्रणालींना दृश्यरूप जवळजवळ नव्हतेच. काळ्या पडद्यावर अक्षरांची एक ओळ असे आणि वापरकर्ता कळफलकावरून आज्ञा लिहीत असे. १९८१ मध्ये वैयक्तिक संगणकाबरोबर आलेली एमएस-डॉस ही प्रणाली याच पद्धतीची होती. आज्ञा तोंडपाठ असणे हे संगणक येण्याचे लक्षण समजले जाई.

चित्ररूप पद्धतीचा उगम कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या पॅलो अल्टो संशोधन केंद्रात झाला. तेथे १९७३ मध्ये तयार झालेल्या ‘आल्टो’ या संगणकावर चौकटी व माउस यांचा वापर होता. १९८१ मध्ये विक्रीस आलेल्या ‘स्टार’ या संगणकात कार्यालयातील मेजाची उपमा पूर्णत्वाने आली. पडद्याला मेज, दस्तऐवजांना कागद आणि त्यांच्या साठवणीला फायलींचे कपाट मानून प्रत्येकासाठी एकेक चित्रखूण योजण्यात आली. मात्र एका संगणकाची किंमत सु. १६,५०० डॉलर असल्याने त्याचा प्रसार झाला नाही. अ‍ॅपल कंपनीचा ‘लिसा’ (१९८३) हा संगणकही सु. १०,००० डॉलर किंमतीचा होता. २४ जानेवारी १९८४ रोजी २,४९५ डॉलर किंमतीचा ‘मॅकिंटॉश’ आला, तेव्हा ही पद्धती सामान्य ग्राहकाच्या आवाक्याजवळ आली. त्याच्या चित्रखुणा सूझन केअर या चित्रकर्तीने काढल्या होत्या.

या पहिल्या रूपबदलाविषयीची मते दुभंगलेली होती. आज्ञा लिहिण्यात तरबेज झालेल्यांना चित्रांचा संगणक खेळण्यासारखा वाटला. जॉन ड्वोरॅक या अमेरिकन स्तंभलेखकाने १९८४ मध्येच माउसच्या उपयुक्ततेविषयी जाहीर शंका घेतली होती. नवशिक्यांना मात्र काहीही पाठ न करता काम सुरू करता येऊ लागले. जाणकाराने कष्टाने मिळविलेले कौशल्य नव्या रूपात निरुपयोगी ठरते आणि त्याच रूपाने नवख्याचे कष्ट वाचतात, हा पेच येथे प्रथम दिसला. पुढील बहुतेक वादांच्या मुळाशी तोच आहे.

रूपाची मालकी : मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज प्रणाली नोव्हेंबर १९८५ मध्ये आली. तिच्या पहिल्या आवृत्तीत चौकटी फरशांप्रमाणे शेजारी-शेजारी बसत. एकमेकींवर चढत नसत. १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्या एकमेकींवर येऊ लागल्या. मार्च १९८८ मध्ये अ‍ॅपलने मायक्रोसॉफ्ट व ह्यूलेट-पॅकार्ड या कंपन्यांविरुद्ध स्वामित्वभंगाचा दावा लावला. दाव्यात १८९ दृश्य घटकांची यादी होती. त्यांपैकी १७९ घटक पूर्वीच्या परवाना-करारात येतात व उरलेल्या दहांना स्वामित्वाचे संरक्षण मिळू शकत नाही, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. १९९४ मध्ये अपील न्यायालयाने तो मुख्यतः कायम केला आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. पडद्याचे रूप कोणत्या उत्पादकाचे, हा या दाव्यातील प्रश्न होता. ते रूप शिकण्यासाठी वापरकर्त्याने खर्ची घातलेल्या वेळेचा व श्रमांचा त्यात विचार नव्हता. कायद्याच्या दृष्टीने हे स्वाभाविक असले, तरी वापरकर्त्यांच्या तक्रारी पुढे ज्या पोकळीतून उमटल्या ती येथे स्पष्ट होते.

विंडोज ९५ : २४ ऑगस्ट १९९५ रोजी प्रकाशित झालेल्या विंडोज ९५ मध्ये ‘स्टार्ट’ हे बटण व पडद्याच्या तळाशी कार्यपट्टी आली. मोठा रूपबदल फारसा विरोध न होता स्वीकारला गेल्याचे हे ठळक उदाहरण होय. त्याची पूर्वतयारी बोधप्रद आहे. केंट सलिव्हन या अभिकल्पकाने १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतानुसार प्रयोगशाळेतील चाचण्यांचे ६४ टप्पे झाले व त्यांत ५६० व्यक्तींनी भाग घेतला. एक चौकट दुसरीच्या मागे गेली की ती नाहीशी झाली असे नवशिक्यांना वाटते, दोनदा टिचकी मारणे त्यांना जमत नाही आणि हवा तो कार्यक्रम कोठून सुरू करावा ते कळत नाही, असे चाचण्यांत दिसून आले. चालू असलेले प्रत्येक काम सतत डोळ्यांसमोर ठेवणारी कार्यपट्टी आणि प्रारंभाची जागा शब्दाने सांगणारे बटण ही या अडचणींची उत्तरे होती. नवशिक्यांसाठी स्वतंत्र सोपे रूप करण्याची कल्पना सोडून देण्यात आली. कारण ते शिकल्यावर त्यांना दुसरे रूप पुन्हा शिकावे लागले असते. जुन्या आवृत्तीतील ‘प्रोग्रॅम मॅनेजर’ हा भागही प्रणालीत कायम ठेवला होता. त्यामुळे जुन्या वापरकर्त्याला परतीची वाट होती.

अलंकरणाचा काळ : ५ जानेवारी २००० रोजी स्टीव्ह जॉब्झ यांनी मॅक ओएस टेन या नव्या प्रणालीचे ‘अ‍ॅक्वा’ हे रूप सॅन फ्रान्सिस्को येथे सादर केले. पाण्याच्या थेंबांसारखी चकचकीत बटणे, पारदर्शक याद्या व तळाशी ‘डॉक’ नावाची पट्टी ही त्याची वैशिष्ट्ये होती. सप्टेंबर २००० मध्ये चाचणी-आवृत्ती सशुल्क देण्यात आली. जुन्या प्रणालीत डाव्या कोपऱ्यातील सफरचंदाच्या खुणेखाली नित्योपयोगी आज्ञांची यादी असे. चाचणी-आवृत्तीत ती खूण पट्टीच्या मध्यभागी केवळ शोभेसाठी ठेवली होती आणि तिच्यावर टिचकी मारून काहीच घडत नसे. वापरकर्त्यांनी यास जोरदार हरकत घेतली. २४ मार्च २००१ रोजी पूर्ण आवृत्ती आली, तेव्हा यादी पुन्हा डाव्या कोपऱ्यात आली होती. चकचकीत बटणांविषयीही कुरकुर होती. पण ती हळूहळू विरली व बटणे राहिली. ज्या जागी हात सवयीने जातो, ती जागा मात्र परत द्यावी लागली.

ऑक्टोबर २००७ मधील आवृत्तीत माथ्यावरील पट्टी अर्धपारदर्शक करण्यात आली. मागील चित्र तिच्यातून दिसत असल्याने अक्षरे वाचणे अवघड होते, अशी तक्रार झाली. फेब्रुवारी २००८ च्या दुरुस्ती-आवृत्तीत पारदर्शकता बंद करण्याची सोय आली.

विंडोज एक्सपी (२५ ऑक्टोबर २००१) या आवृत्तीच्या निळ्या-हिरव्या रूपाची लहान मुलांच्या प्लॅस्टिकच्या खेळण्याशी तुलना करून थट्टा झाली. तथापि जुने करडे रूप निवडण्याची मुभा असल्याने वाद चिघळला नाही. पुढे तेच रूप वापरकर्त्यांच्या अंगवळणी पडले. ८ एप्रिल २०१४ रोजी या आवृत्तीचा आधार थांबविण्यात आला, तोपर्यंत ते अनेकांच्या ममत्वाचा विषय झाले होते. २००७ च्या प्रारंभी ग्राहकांना उपलब्ध झालेल्या विंडोज व्हिस्टाचे काचेसारखे ‘एअरो’ रूप दाखविण्यासाठी अधिक क्षमतेची यंत्रणा लागे. व्हिस्टास योग्य असे चिन्ह लावून विकलेल्या काही संगणकांवर ते रूप दिसतच नव्हते. यावरून त्याच वर्षी अमेरिकेत ग्राहकांनी दावा लावला. ऑक्टोबर २००९ मध्ये आलेल्या विंडोज ७ मध्ये काचेचे रूप कायम असूनही त्या आवृत्तीचे स्वागत झाले. यावरून व्हिस्टावरील रोष मुख्यतः रूपावर नसून संथपणा व विसंगती यांवर होता, असे म्हणता येते. वापरकर्ता ‘रूप आवडले नाही’ असे म्हणतो, तेव्हा त्याची खरी अडचण अन्यत्र असू शकते.

स्पर्शपटलाचा परिणाम (२०१०–१५) : आयफोन (२००७) व आयपॅड (२०१०) यांमुळे बोटाने चालणारे पडदे रूढ झाले. बोट आणि माउस या दोहोंसाठी एकच रूप असावे, असा विचार उत्पादकांत बळावला. त्यातून आलेल्या बदलांना या इतिहासातील सर्वांत तीव्र विरोध झाला.

२६ ऑक्टोबर २०१२ रोजी आलेल्या विंडोज ८ मधून सतरा वर्षे परिचित असलेले स्टार्ट बटण काढून टाकण्यात आले. त्याऐवजी संपूर्ण पडदा व्यापणारी रंगीत फरशांची मांडणी आली. महत्त्वाच्या आज्ञा पडद्याच्या कोपऱ्यांत लपल्या होत्या. तेथे माउस नेल्याशिवाय त्या दिसत नसत व तशी सूचना देणारी खूणही नसे. संगणक बंद कसा करावा, हा प्रश्न अनुभवी माणसांनाही पडला. जुनी यादी पूर्वीइतकी वापरली जात नसल्याचे कंपनीने वापराच्या आकडेवारीवरून आधी म्हटले होते. परंतु एखादी वस्तू किती वेळा हाताळली जाते यावरून तिच्यावर किती भिस्त आहे हे कळत नाही. घराचा जिना दिवसातून दोनदाच वापरला, तरी तो काढून टाकता येत नाही. जुनी यादी परत आणून देणारे ‘क्लासिक शेल’ यांसारखे अन्य निर्मात्यांचे कार्यक्रम या काळात लोकप्रिय झाले. ऑक्टोबर २०१३ च्या ८.१ या आवृत्तीत बटण परत आले आणि २९ जुलै २०१५ च्या विंडोज १० मध्ये यादीही परत आली. फरशा त्या यादीच्या पोटात एका बाजूस सामावल्या.

१८ सप्टेंबर २०१३ च्या आयओएस ७ या प्रणालीत जॉनी आइव्ह यांच्या नेतृत्वाखाली चामडे, लाकूड, कागद यांचा आभास देणारी चित्रे टाकून सपाट व फिकट रूप स्वीकारण्यात आले. रंगांविषयीचे मतभेद लवकरच मागे पडले. मात्र पडद्यावरील पुढे-मागे झेपावणाऱ्या हालचालींमुळे काहींना घेरी व मळमळ होऊ लागली. ऑक्टोबर २०१३ च्या दुरुस्तीत त्या हालचाली सौम्य करण्याची सोय करण्यात आली. कडा नसल्याने बटण कोणते व नुसता मजकूर कोणता हे ओळखू येत नाही, या तक्रारीनंतर मार्च २०१४ मध्ये बटणांना आकार दाखविण्याचा पर्याय आला.

मुक्त प्रणालींतील मतभेद : लिनक्सवर आधारलेल्या मुक्त प्रणालींची आज्ञावली कोणासही पाहता व बदलता येते. त्यामुळे तेथे नापसंती केवळ शब्दांत न राहता कृतीत उतरली. एप्रिल २०११ मध्ये ग्नोम ३ हे दृश्यावरण आले व जुनी कार्यपट्टी आणि याद्या गेल्या. लिनक्सचे जनक लायनस टोरव्हाल्ड्झ यांनी त्यावर कठोर टीका करून काही काळ दुसरे दृश्यावरण पत्करले. जुन्या ग्नोम २ ची आज्ञावली घेऊन काहींनी ‘माटे’ हे दृश्यावरण पुढे चालू ठेवले, तर लिनक्स मिंटच्या कर्त्यांनी नव्या पायावर जुन्या धाटणीचे ‘सिनेमन’ उभारले. ग्नोमचे नवे रूपही टिकले आणि त्याला स्वतःचा चाहतावर्ग मिळाला. कोणालाच पूर्ण हार पत्करावी न लागल्याचे हे विरळ उदाहरण होय.

उबुंटूच्या एप्रिल २०१० च्या आवृत्तीत चौकट बंद करण्याची बटणे उजवीकडून डावीकडे हलविण्यात आली. बदल बोटभर अंतराचा, पण त्यावर मोठा गदारोळ झाला. रूपाविषयीचे निर्णय मतदानाने होणार नाहीत, माहिती व अभिप्राय मात्र ऐकले जातील, अशी भूमिका संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी घेतली. ती तर्काने चुकीची नव्हती. कारण बहुमताने चांगले अभिकल्प क्वचितच घडतात. परंतु बदलाचे प्रयोजन वापरकर्त्यांना पटले नव्हते. २०१७ मध्ये उबुंटूने स्वतःचे ‘युनिटी’ हे रूप सोडून ग्नोम स्वीकारले, तेव्हा बटणे पुन्हा उजवीकडे गेली.

अलीकडील बदल : विंडोज ११ (५ ऑक्टोबर २०२१) मध्ये कार्यपट्टीवरील चित्रखुणा मध्यभागी आल्या. त्या डावीकडे नेण्याची सोय प्रारंभापासून असल्याने तो वाद अल्पजीवी ठरला. पट्टी पडद्याच्या कडेला वा माथ्यावर नेण्याची तसेच चौकटींची नावे पट्टीवर सुटी दाखविण्याची जुनी सोय मात्र प्रकाशनाच्या वेळी काढून टाकली होती. तीवर तक्रारी होत राहिल्या. नावे सुटी दाखविण्याची सोय २०२३ मध्ये परत देण्यात आली.

जून २०२५ मध्ये अ‍ॅपलने आपल्या सर्व प्रणालींसाठी ‘लिक्विड ग्लास’ हे द्रवरूप काचेचा आभास देणारे रूप जाहीर केले. काचेमागील चित्रामुळे अक्षरे वाचता येत नाहीत, हा आक्षेप चाचणीच्या टप्प्यापासूनच आला व त्या काळात पारदर्शकता कमी-अधिक करण्यात आली. सप्टेंबर २०२५ मध्ये हे रूप सर्वांसाठी प्रकाशित झाले. नोव्हेंबर २०२५ च्या आवृत्तीत काच स्वच्छ ठेवावी की धूसर, हे निवडण्याची मुभा मिळाली. २००७ मधील पारदर्शक पट्टीचा प्रसंग अठरा वर्षांनी जवळजवळ तसाच पुन्हा घडला.

देवनागरी व मराठी वापरकर्ते : मराठी वापरकर्त्यांच्या बाबतीत दृश्यरूपाचा प्रश्न आवडीनिवडीपूर्वी अक्षर दिसण्याचा होता. दीर्घकाळ रोमन अक्षरांच्या सांकेतिक जागी देवनागरी आकार बसवून काम चालविले जाई. तो विशिष्ट फाँट नसलेल्या संगणकावर मराठी मजकूर निरर्थक रोमन अक्षरांच्या रूपात दिसे. विंडोज २००० मध्ये युनिकोड पद्धतीची देवनागरी व तिच्यासाठी ‘मंगल’ हा फाँट आला. तो कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी घडविला होता. विंडोज एक्सपीमध्ये ही सोय स्वतंत्रपणे चालू करावी लागे. पुढील व्हिस्टा आवृत्तीत ती मुळातच चालू होती. विंडोज ८ पासून प्रणालीच्या रूपासाठी ‘निर्मला’ हा फाँट योजण्यात आला.

येथेही जुन्या-नव्याचा प्रश्न निघतोच. ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीतील वळणांहून वेगळी आहेत. मात्र युनिकोडमध्ये दोन्ही वळणांना एकच संकेतांक आहे. त्यामुळे पडद्यावर कोणते वळण दिसावे हे लिहिणाऱ्याच्या हाती न राहता फाँटच्या हाती जाते. फाँटमध्ये मराठी वळणांची तरतूद नसेल, तर मराठी मजकूर हिंदी वळणाने दिसतो. शाळेत एका वळणाचा ‘श’ गिरविलेल्या मुलाला पडद्यावर दुसराच ‘श’ दिसावा, ही हरकत अभिरुचीपुरती नाही. ती लिपीच्या परंपरेशी निगडित आहे.

मतांचे मूल्यमापन : वारंवार समोर येणारी वस्तू आवडू लागते, असे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये प्रयोगांनी दाखविले. निवडीची संधी असतानाही माणसे चालू स्थितीलाच चिकटतात, हे विल्यम सॅम्युअलसन व रिचर्ड झेकहौझर यांनी १९८८ मध्ये मांडले. नव्या रूपावरील पहिला रोष काही महिन्यांत मावळतो, याचे स्पष्टीकरण या संशोधनात सापडते. दुसऱ्या बाजूस, जपानमध्ये मासाकी कुरोसू व काओरी काशिमुरा यांनी १९९५ मध्ये पैसे देणाऱ्या यंत्राच्या २६ मांडण्या २५२ व्यक्तींना दाखविल्या. जी मांडणी सुंदर वाटते तीच सोयीचीही वाटते, असे त्यांना आढळले. म्हणजे पहिल्या दर्शनातील निंदेप्रमाणे पहिल्या दर्शनातील प्रशंसाही पारखूनच घ्यावी लागते. शिवाय जाहीर मते बहुधा अनुभवी व बोलक्या लोकांची असतात. ज्यांचे काम निमूटपणे सुकर झाले ते क्वचितच बोलतात.

या मर्यादा लक्षात घेऊनही वरील घटनांतून एक सूत्र निघते. एक्सपीचे रंग व अ‍ॅक्वाची चमक यांना कालांतराने मान्यता मिळाली. सफरचंदाची यादी, स्टार्ट बटण, पारदर्शक पट्टीवरील अक्षरे आणि घेरी आणणाऱ्या हालचाली या बाबतींत मात्र वापरकर्त्यांचे म्हणणे उत्पादकांना मान्य करावे लागले. पहिल्या गटातील आक्षेप डोळ्यांच्या सवयीचे होते, दुसऱ्या गटातील हातांच्या कौशल्याचे व शरीराच्या मर्यादांचे होते. दुकानातील नोंदी करणारा कारकून किंवा दृष्टी मंदावलेला निवृत्त गृहस्थ यांना नवे रूप पुन्हा शिकण्यासाठी वेगळा वेळ मिळत नाही. तो त्यांच्या कामातून वजा होतो. पूर्वी नवी आवृत्ती विकत न घेणे हा नकाराचा एक मार्ग होता. आता सुरक्षिततेच्या दुरुस्त्या व रूपबदल पुष्कळदा एकाच अद्ययावतीकरणातून येत असल्याने तो मार्ग अरुंद झाला आहे. म्हणून जुन्या रूपाकडे परतण्याची सोय ही उत्पादकाची मेहेरबानी न मानता अभिकल्पाचाच एक आवश्यक भाग मानणे इष्ट ठरते. ज्या बदलांबरोबर ती दिली गेली, ते बदल बहुधा निर्वेधपणे रुजले.